धंद्याचं सरकारी खातं उघडताना: ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो ते आधी बघा

पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने माझं बिल परत पाठवलं, तेव्हा मला कळलं की माझा जीएसटी नंबर बंद झालाय. सांगलीत आमचं छपाईचं लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, खोक्यांवरची लेबलं असली कामं. नोंदणी एका ओळखीच्या सल्लागाराने करून दिली होती आणि अर्जात मोबाईल आणि ईमेल दोन्ही स्वतःचेच टाकले होते. ‘तुम्हाला कशाला ताप, ओटीपी मी बघतो की,’ असं म्हणाला आणि मलाही ते बरंच वाटलं. पुढे त्याने ते काम सोडलं, नंबरही बदलला. सहा महिने रिटर्न गेले नाहीत. पोर्टलवर नोटीस पडली, उत्तराचे सात दिवस उलटले, नोंदणी रद्द झाली. यातलं एक अक्षर माझ्यापर्यंत आलं नाही. कायद्याच्या लेखी मात्र नोटीस मला मिळालेलीच होती, कारण पोर्टलवर टाकलेली नोटीस बजावलेली धरतात.

गेल्या वर्षी शेजारच्या वहिनींनी पापड-मसाल्याचा घरचा धंदा कागदावर आणायचं ठरवलं, तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसून एकेक खातं उघडून दिलं. किल्ल्या पहिल्या दिवसापासून त्यांच्याच हातात. त्या वेळी जे सांगितलं तेच इथे लिहितोय. एकट्याच्या मालकीचा धंदा धरून लिहिलंय. भागीदारी आणि कंपनीचं पुष्कळसं असंच असतं, फक्त कंपनीला आणि एलएलपीला (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला) डिजिटल सहीचं टोकन लागतं.

कॉम्प्युटर सुरू करण्याआधी

निम्मे अर्ज पोर्टलवर अडत नाहीत, नावावर अडतात. आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर अक्षर लावून बघा. आपल्याकडे नावाचे तीन तुकडे: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. बायकांचं तर हमखास असं होतं की पॅन लग्नाआधी काढलेलं म्हणून माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं, आणि बँकेत मधल्या नावाच्या जागी नुसतं एक अक्षर. वहिनींचं नेमकं हेच होतं. पोर्टल पॅनवरचं नाव आयकर खात्याकडून आणि आधारवरचं नाव आधारकडून पडताळतं. दोन्ही जुळली नाहीत तर पुढचं पान उघडत नाही, आणि का उघडत नाही तेही धड सांगत नाही. यावर उपाय एकच, आधी पॅनमधलं नाव दुरुस्त करून घ्या. नंबर तोच राहतो, फक्त नाव बदलतं. दोन-तीन आठवडे जातात, जाऊ द्यात. चुकीच्या नावावर नोंदणी झाली तर नंतर निस्तरायला त्याच्या दुप्पट वेळ जातो.

दुसरं, आधारला आजचा चालू मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे. पुष्कळांच्या आधारला दहा वर्षांपूर्वीचं, कधीच बंद पडलेलं सिम असतं. नसेल तर तो आधी बदलून घ्या. आधार केंद्रात जा, किंवा पोस्टमनला विचारा, पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत तोही हे काम करतो.

तिसरं, मोबाईल आणि ईमेल. धंद्यासाठी जमलं तर वेगळं सिम घ्या, पण ते स्वतःच्या नावावर आणि कायम रिचार्ज केलेलं. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कुणालाही देऊ शकते, आणि मग तुमच्या दुकानाचे ओटीपी कुठल्या तरी परक्या माणसाच्या खिशात वाजतात. ईमेल दुकानाच्या नावाने नवीन काढा, आणि त्याच्या रिकव्हरीला घरातल्या माणसाचा नंबर द्या. पोराचा कॉलेजचा ईमेल नको, सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेला तर नकोच नको.

शेवटची गोष्ट एक वही. मी शंभर पानी घेतली. कुठलं पोर्टल, युजरनेम काय, कुठला मोबाईल दिला, अर्ज क्रमांक, तारीख, एवढं प्रत्येक खात्याचं लिहायचं. पासवर्ड वहीत लिहू नये असं जाणकार सांगतात. ते खरंच आहे. पण वहिनींनी लिहिला आणि वही देवघराच्या कपाटात ठेवली. सल्लागाराच्या मोबाईलपेक्षा ते कपाट मला जास्त भरवशाचं वाटतं.

पहिली पायरी: आपले सरकार आणि गुमास्ता

महाराष्ट्रात दुकान किंवा आस्थापना सुरू केली की पहिला कागद गुमास्त्याचा, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा. जुना १९४८ चा कायदा गेला. आता २०१७ चा कायदा लागू आहे, १९ डिसेंबर २०१७ पासून. त्याने लहान धंद्यांना एक मोठी सोय करून दिली. दहापेक्षा कमी कामगार असतील तर परवाना नाही, नुसती सूचना द्यायची, आणि तीही धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत. सूचना ‘एफ’ नमुन्यात जाते, पोच ‘जी’ नमुन्यात मिळते. ही दहाची रेघ वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. तुमच्याकडे बारा-पंधरा माणसं असतील तर अर्ज भरताना पोर्टल कुठला नमुना पुढे करतंय ते नीट बघा. ‘जी’ नमुन्याच्या पोचेलाच बाजारात गुमास्ता लायसन म्हणतात, आणि बँकेतला माणूसही तेच म्हणेल. त्याच्याशी वाद घालत बसू नका.

राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवर ‘नवीन वापरकर्ता’ निवडलं की दोन वाटा दिसतात. एका वाटेत जिल्हा आणि मोबाईल टाकायचा, ओटीपी भरायचा आणि स्वतःचं युजरनेम ठरवायचं. दुसऱ्या वाटेत सगळी माहिती आणि ओळखीचे, पत्त्याचे पुरावे चढवायचे. पहिलीने सुरुवात करा, उरलेलं मागाहून भरता येतं. एक ध्यानात ठेवा, हे खातं माणसाच्या नावावर असतं, दुकानाच्या नव्हे. उद्या उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला काढायचा झाला तरी याच खात्यातून निघेल.

इथे लोक रडकुंडीला येतात ते फोटोच्या आकारावरून. पासपोर्ट फोटो वीस केबीच्या आत मागतात, आणि आजकालचे मोबाईल तर चार-पाच एमबीचा फोटो काढतात. फोटो लहान करून देणाऱ्या वेबसाइटी शेकड्याने आहेत, पण आधार आणि पॅन असल्या अनोळखी साइटवर चढवू नका. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवला की तो बराच बारीक होतो, आणि उरलेलं काम मोबाईलमधल्या एडिटरमध्ये कातरून भागतं.

खात्यात शिरल्यावर कामगार विभाग निवडा आणि त्यातून दुकाने व आस्थापना. दुकानाचं नाव, पत्ता, धंद्याचा प्रकार, सुरू केल्याची तारीख, मालकाची माहिती आणि कामगारांची संख्या भरायची. नाव भरताना घाई करू नका. ‘श्री गणेश मसाले’ की ‘श्रीगणेश मसाले उद्योग’, जे इथे लिहाल तेच पुढे उद्यमला, जीएसटीला, बँकेला लागणार आहे. वहीच्या पहिल्या पानावर दुकानाचं नाव मराठीत आणि इंग्रजीत एकदाच लिहून ठेवा आणि दर वेळी तिथूनच उतरवा.

पाटीचा फोटोही लागतो, आणि पाटी मराठीत पाहिजे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कामगार कितीही असोत, देवनागरीतलं नाव ठळक आणि दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा बारीक नसलेलं असावं लागतं. घरातून धंदा करणाऱ्यांना वाटतं, आपल्याला कसली आलीय पाटी. वहिनींनी माझ्याकडून ए-तीन आकाराचा एक फलक छापून घेतला आणि दाराशेजारी लावला. तेवढं पुरलं.

शुल्क अगदी किरकोळ आहे, ते ऑनलाइन भरायचं. पोच उतरवून घेतली की तिच्या दोन प्रती काढा, एक बँकेसाठी. एकट्याच्या धंद्याचं चालू खाते उघडायला बँका धंद्याचे दोन पुरावे मागतात. हा झाला एक, दुसरा पुढच्या पायरीवर.

दुसरी पायरी: उद्यम

उद्यम म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी. १ जुलै २०२० पासून ती जुन्या उद्योग आधारच्या जागी आली. ती फुकट आहे. पुन्हा लिहितो, फुकट. एकही कागद चढवावा लागत नाही आणि एक रुपयाही भरावा लागत नाही. तरीही लोक दीड-दोन हजार देऊन बसतात, कारण मोबाईलवर ‘उद्यम रजिस्ट्रेशन’ शोधलं की वर पहिल्यांदा दिसतात त्या जाहिराती. अशोकचक्रासारखं चिन्ह, तिरंग्याच्या पट्ट्या, सगळं हुबेहूब सरकारी. खरा पत्ता उद्यमरजिस्ट्रेशन डॉट गव्ह डॉट इन. शेवट ‘गव्ह डॉट इन’ ने होत नसेल तर तिथून परत फिरा. आणि मध्येच कुठे यूपीआयचा क्यूआर कोड दिसला तर तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात, एवढं समजा.

पहिल्या पानावर आधार क्रमांक आणि आधारवरचं नाव. एकट्याच्या धंद्यात मालकाचं आधार लागतं, भागीदारीत व्यवस्थापकीय भागीदाराचं, एकत्र कुटुंबाच्या धंद्यात कर्त्याचं. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येईल. मग पॅनची पडताळणी, आणि त्यानंतर एक लांबलचक अर्ज. अर्ज लांब असला तरी अवघड नाही. मी फक्त लोक जिथे अडखळतात तेवढंच सांगतो.

मोबाईल आणि ईमेलचा रकाना. आधारचा नंबर वेगळा आणि इथे भरायचा नंबर वेगळा असू शकतो, आणि एजंट स्वतःचा नंबर घुसडतात तो इथेच. पुढे प्रमाणपत्र उतरवायचं असो की पत्ता बदलायचा असो, उद्यम क्रमांक आणि याच रकान्यातला मोबाईल लागतो.

धंद्याचा प्रकार. उत्पादन, सेवा, व्यापार यातला मुख्य कुठला ते विचारतात. वहिनी पापड स्वतः लाटतात म्हणजे त्यांचं उत्पादन. तेच पापड घाऊक घेऊन विकले तर व्यापार. फरक नावापुरता नाही. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम मिळतं खरं, पण त्याचा उपयोग बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता आहे. उत्पादक आणि सेवा देणारे यांना त्याहून मोठं एक हत्यार मिळतं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे गिऱ्हाइकाने लेखी कराराप्रमाणे, पण फार तर ४५ दिवसांत द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आमच्या छपाईच्या धंद्यात उधारी सहा-सहा महिने थकते. हा नियम बिलाच्या तळाशी छापायला लागल्यापासून दोन मोठी गिऱ्हाइकं वेळेवर पैसे द्यायला लागली. बिलावर उद्यम क्रमांकही छापा.

एनआयसी कोड. धंद्याचा पाच आकडी क्रमांक निवडावा लागतो. आधी दोन आकडी गट, मग चार, मग पाच. मसाले दळण्याचा १०७९५, पापडाचा १०७९६, मापाने कपडे शिवून देण्याचा १४१०५. एकाहून जास्त कोड घालता येतात. वहिनींनी दोन्ही घातले. पण उद्या कधीतरी करू म्हणून वीस कोड घालू नका, कर्जाच्या वेळी बँकेचा अधिकारी एकेकाचा हिशेब विचारतो.

गुंतवणूक आणि उलाढाल. जुन्या धंद्याची आकडेवारी आयकर विवरणपत्रातून आणि जीएसटीतून आपोआप येते. धंदा नवीन असेल तर तुम्ही सांगाल ते प्रमाण. गुंतवणुकीत यंत्रसामग्री धरायची, जागा आणि इमारत नाही. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटी अशी आहे. लघु उद्योगाला २५ कोटी आणि १०० कोटी, मध्यमला १२५ कोटी आणि ५०० कोटी. म्हणजे हा लेख वाचणारे आपण बहुतेक सगळे सूक्ष्म.

शेवटी जेम (सरकारी खरेदीचं), ट्रेड्स (येणं असलेल्या बिलांवर आधी पैसे मिळवून देणारं) अशा पोर्टलवर नोंदणी हवी का असं विचारतात. सरकारी खात्यांना माल विकायचा विचार नसेल तर सध्या ‘नाही’ म्हणा.

मग शेवटचा ओटीपी, आणि ‘उद्यम-एमएच’ ने सुरू होणारा क्रमांक हातात पडतो. प्रमाणपत्रावर क्यूआर कोड असतो. या नोंदणीला नूतनीकरण नाही. ‘तुमचं उद्यम संपत आलंय, आजच फी भरा,’ असा फोन नोंदणीनंतर येणारच. वहिनींना तिसऱ्याच दिवशी आला. एका धंद्याला उद्यम एकच. दुसऱ्या गावात शाखा काढलीत तर ती त्याच नोंदणीत जोडायची.

जीएसटी: घ्यायचा की नाही

इथे माझं मत जरा कडक आहे. गरज नसताना जीएसटी घेऊ नका. ‘नंबर असला की वजन पडतं’ असं सांगणारे रिटर्न भरायला येत नाहीत. नंबर मिळाला की विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं, आणि चुकलं तर शून्य रिटर्नलाही दिवसाला २० रुपये विलंब शुल्क, एरवी ५० रुपये.

महाराष्ट्रात आणि गोव्यात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की नोंदणी सक्तीची, सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर. पण माल राज्याबाहेर पाठवत असाल तर ही मर्यादा साधारणपणे लागू नाही. बेळगावच्या दुकानदाराला मसाला पाठवायचा म्हटलं की नंबर पाहिजे, मग उलाढाल दोन लाख का असेना. सेवेचं तसं नाही, सेवा परराज्यात दिली तरी २० लाखांची सवलत टिकते. उलाढाल मोजताना शून्य कराचा मालही धरतात. पापडावर कर नाही, मसाल्यावर ५ टक्के, पण चाळीस लाखांच्या हिशेबात दोन्ही येतात. वहिनींची उलाढाल यातल्या कशाच्याच जवळ नव्हती. तरी इचलकरंजी ओलांडून कर्नाटकात माल जाऊ लागला, म्हणून घ्यावा लागला.

जीएसटीचा अर्ज

पोर्टलवर ‘सर्व्हिसेस’, मग ‘रजिस्ट्रेशन’, मग ‘न्यू रजिस्ट्रेशन’. नोंदणीला फी नाही. अर्जाचे दोन भाग. पहिल्यात राज्य, जिल्हा, पॅनवर आहे तसं नाव, पॅन, ईमेल, मोबाईल. मोबाईलला एक आणि ईमेलला दुसरा असे दोन वेगळे ओटीपी येतात. दोन्ही तुमच्याच हातात आले पाहिजेत. माझ्या प्रकरणाची मुळं या एका पानात होती. मग एक तात्पुरता क्रमांक मिळतो, तो १५ दिवस चालतो. तेवढ्यात दुसरा भाग भरून पाठवला नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या भागात दहा टप्पे आहेत. त्यातला ‘अधिकृत स्वाक्षरीकर्ता’ म्हणजे तुम्ही स्वतः. त्याच्या पुढचा ‘अधिकृत प्रतिनिधी’, आणि सल्लागाराची जागा ही. त्याचं नाव, त्याचा नंबर इथे घाला, हवं तर. कायद्याने त्याच्यासाठी वेगळी खुर्ची ठेवलेली आहे, तर तो मालकाच्या खुर्चीत का बसावा? राज्याच्या माहितीचा एक टप्पा आहे, तिथे व्यवसाय कराचा नंबर विचारतात. नसला तर मोकळं सोडलं तरी चालतं.

सगळ्यात जास्त अर्ज परत येतात ते जागेच्या पुराव्यावरून. स्वतःची जागा असेल तर घरपट्टीची पावती किंवा लाइट बिल. भाड्याची असेल तर भाडेकरार आणि मालकाच्या नावाचं लाइट बिल किंवा घरपट्टी. घर सासऱ्यांच्या नावावर आणि धंदा सुनेचा असेल तर सासऱ्यांचं संमतीपत्र, त्यांचा ओळखीचा पुरावा आणि घराचा कागद. जागेचा प्रकार निवडताना ‘भाड्याची’ नको, ‘संमतीने’ निवडा. वहिनींच्या घराचं लाइट बिल अजून आजेसासऱ्यांच्या नावावर होतं, ते वारून अकरा वर्षं झालेली. आम्ही घरपट्टीची पावती लावली, ती सासऱ्यांच्या नावाची होती, आणि भागलं. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना लेखी बजावलंय की यादीबाहेरचे कागद आणि तर्कावर आधारलेले प्रश्न विचारू नका. घरमालकाचं पॅन किंवा आधार मागितलं तर या सूचनेचा नम्रपणे हवाला द्या. नम्रपणे हे महत्त्वाचं.

पुढे माल आणि सेवांचे एचएसएन कोड, म्हणजे त्यांच्या वर्गवारीचे आकडे, मग आधारची पडताळणी. लिंक मोबाईलवर आणि ईमेलवर येते, ती त्याच दिवशी उघडा. काही अर्जदारांना ठसे देण्यासाठी जीएसटी सेवा केंद्रात बोलावतात. तसा ईमेल आला तर घाबरू नका, मूळ कागद घेऊन जा. शेवटी पडताळणी, एकट्या मालकाला ओटीपीनेच सही करता येते. अर्ज गेला की एआरएन, म्हणजे अर्जाचा क्रमांक, मिळतो, तो वहीत.

सगळं सुरळीत असेल तर सात कामकाजी दिवसांत नंबर येतो. आधार पडताळणी केली नाही किंवा यंत्रणेला शंका आली तर जागा बघायला माणूस येतो आणि तीस दिवसही लागतात. मध्ये शंका विचारणारी नोटीस आली तर सात कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचं. या काळात ईमेल रोज उघडायचा, सकाळी दुकान उघडताना. वहिनींना पाचव्या दिवशी नोटीस आली. संमतीपत्रावरची सही पुसट होती, एवढंच. नवीन कागद स्कॅन करून चढवला आणि पुढच्या आठवड्यात नंबर आला.

नंबर पंधरा अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं तुमचंच पॅन. गिऱ्हाइकाने किंवा पुरवठादाराने दिलेला नंबर खरा आहे का तेही पोर्टलवर कुणालाही, खातं नसतानाही, बघता येतं. उधारीवर माल देण्याआधी बघत जा. माझ्या पुण्याच्या गिऱ्हाइकाने तेच केलं होतं.

प्रमाणपत्राच्या ईमेलमध्ये तात्पुरता पासवर्ड असतो. तो वापरून पहिल्यांदा आत शिरा आणि स्वतःचं युजरनेम, पासवर्ड करा. हे काम सल्लागाराच्या ऑफिसात नको, घरी. मग ३० दिवसांच्या आत, किंवा विक्रीचं पहिलं विवरण भरण्याआधी, यातलं जे आधी येईल तोवर, बँकेचं खातं जोडा. हे राहिलं तर नोंदणी निलंबित होते. प्रमाणपत्र दुकानात लावा आणि पाटीवर जीएसटी नंबर लिहा, दोन्ही नियमात आहे.

सल्लागार ठेवूच नका असं मी म्हणत नाही. मीही पुन्हा ठेवलाय. पण त्याला पासवर्ड द्यायची गरज नाही. जीएसटी प्रॅक्टिशनरचं स्वतःचं लॉगिन असतं. तुमच्या खात्यातून त्याला नेमता येतं आणि नको झाला की काढताही येतं. तो रिटर्न तयार करतो, शेवटचा ओटीपी माझ्या मोबाईलवर येतो, मी आकडा बघतो आणि मगच सांगतो. दर महिन्याला पाच मिनिटं जातात.

उरलेलं थोडक्यात

व्यवसाय कर: महाराष्ट्रात धंदा करणाऱ्याला स्वतःचा कर भरायला पीटीईसी नंबर लागतो, वर्षाला २,५०० रुपये, आणि तो महाजीएसटीच्या पोर्टलवर मिळतो. पगारी माणसं असतील आणि त्यांचे पगार मर्यादेच्या वर असतील तर त्यांच्या पगारातून कापलेला कर भरायला पीटीआरसीही. खाण्याचा पदार्थ विकत असाल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस पोर्टलवर अन्न नोंदणी, ती वर सांगितलेल्या सगळ्यांइतकीच गरजेची. गोव्यातल्यांना उद्यम आणि जीएसटी हेच, दुकानाच्या नोंदणीसाठी मात्र गोवा ऑनलाइन.

किल्ली आधीच दुसऱ्याकडे असेल तर

उद्यमचं सोपं आहे. एजंट गाठ पडत असेल तर त्याच्याकडून एकदा ओटीपी घ्या आणि आत जाऊन मोबाईल, ईमेल बदला. जीएसटीतही लॉगिन असेल तर स्वाक्षरीकर्त्याच्या माहितीत मोबाईल-ईमेल बदलता येतो. त्याला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही.

युजरनेमच माहीत नसेल आणि माणूसही सापडत नसेल, म्हणजे माझ्यासारखं, तर आधी पोर्टलवर आपला नंबर टाकून आपण कुठल्या अधिकाऱ्याच्या हद्दीत येतो ते शोधा. मग साधा अर्ज करा: मी अमुक धंद्याचा मालक, खात्यातला मोबाईल आणि ईमेल माझा नाही, माझे हे नवीन. सोबत पॅन, आधार, गुमास्ता, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत. खात्री पटली की अधिकारी स्वतःच्या लॉगिनमधून नवीन ईमेल आणि मोबाईल घालतो, आणि नवा पासवर्ड तुमच्या ईमेलवर येतो. नोंदणी रद्द झालेली असेल तर आदेशापासून ९० दिवसांत ती परत चालू करण्याचा अर्ज करता येतो, पण त्याआधी थकलेली सगळी रिटर्न विलंब शुल्कासह भरावी लागतात. हे दिवस आदेश बजावल्याच्या, म्हणजे तो पोर्टलवर पडल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला कळलं त्या तारखेपासून नव्हे. माझे त्यातले बावन्न दिवस मला कळायच्या आतच संपले होते. कार्यालयात तीन खेपा घातल्या आणि नंबर पुन्हा सुरू झाला तेव्हा नव्वदातले सहा दिवस शिल्लक होते. पुण्याचं बिल मी त्याच संध्याकाळी परत पाठवलं.